समोर ठेवलेला पुरावा

खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या आयुष्यात दिवाणी न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग येईलच असे नाही, पण तहसीलदार कचेरी कुणालाच चुकलेली नाही. वडील गेले की वारसा लावायचा असतो, भावाभावांच्या वाटण्या झाल्या की खातेफोड करायची असते, शेजाऱ्याने बांध कोरला की मोजणी मागवायची असते, मुलीला कॉलेजात घालायचे तर जातीचा दाखला काढायचा असतो. यांतल्या एखाद्या कामाला कुणीतरी हरकत घेतो, हरकत आली की तारीख पडते आणि तारखेला एक अधिकारी दोन्ही बाजूंचे ऐकून, कागद चाळून निर्णय देतो. माझी वकिली मुख्यतः याच कचेऱ्यांत गेली आहे. निकाल विरुद्ध गेलेला पक्षकार बाहेर आल्यावर "आपण हरलो का?" असे विचारत नाही, कारण ते त्याला कळलेले असते. तो विचारतो, "साहेबांनी हे कशावरून धरलं?" या प्रश्नाला उत्तर देता यावे यासाठी जेवढे नियम आहेत, त्यांनाच मी पुराव्याचे नियम मानतो, आणि सरकारी सुनावणीत ते नेमके किती आणि कोणते, याविषयी आपल्या भागात जो गोंधळ आहे तो थोडा तरी दूर व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

लोकांचे समज दोन टोकांचे असतात. काहींना वाटते की कोर्टात जसे सगळे शाबीत करावे लागते तसेच इथेही करावे लागेल, आणि म्हणून मूळ खरेदीखत सापडत नाही एवढ्यावर ते हातपाय गाळून बसतात. दुसऱ्यांना वाटते की कचेरीत कायदा नसतोच, साहेबांच्या मनात येईल तो निकाल, आणि म्हणून ते पुरावा गोळा करण्याऐवजी ओळख शोधत फिरतात. दोघांचेही नुकसान होते.

वस्तुस्थिती अशी आहे की 1872 चा भारतीय पुरावा कायदा, आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेला भारतीय साक्ष्य अधिनियम, हे न्यायालयीन कामकाजासाठी आहेत. ऐकीव गोष्ट साक्षीत चालत नाही, शक्यतो मूळ कागदच हजर करावा लागतो, कागद कुणी लिहिला हे कुणीतरी शपथेवर सांगावे लागते, हे सारे काटेकोर नियम त्या कायद्यातले आहेत. महसुली अधिकाऱ्याची चौकशी, नोकरदाराविरुद्धची खातेनिहाय चौकशी, निरनिराळी प्राधिकरणे आणि समित्या यांना ते नियम त्या काटेकोरपणाने बांधत नाहीत. मला ही सैल रचना मनापासून योग्य वाटते. ज्या बाईने चाळीस वर्षे सासऱ्याच्या तोंडी वाटणीतली दोन एकर जमीन कसली, तिच्याकडे नोंदणीकृत कागद कुठून असणार? तिच्याकडे शेतसाऱ्याच्या चुरगळलेल्या पावत्या असतात, सोसायटीच्या पीककर्जाचे पासबुक असते, आणि "होय, तीच कसत आली" असे सांगणारे शेजारचे चार शेतकरी असतात. न्यायालयाच्या चाळणीतून यांतले बरेचसे खाली गळून पडले असते. नियम सैल ठेवले ते तिच्यासारख्यांचे म्हणणे दाराबाहेर राहू नये म्हणून.

सैलपणाला मर्यादा कुठे, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. 1957 साली भारत सरकार विरुद्ध टी. आर. वर्मा या खटल्यात न्यायालयाने म्हटले की अशा चौकशीला पुरावा कायदा लागू नसला तरी चार गोष्टी पाळल्याच पाहिजेत: माणसाला आपला सगळा संबंधित पुरावा देण्याची संधी मिळाली पाहिजे, विरुद्ध बाजूचा पुरावा त्याच्या समक्ष घेतला पाहिजे, त्या साक्षीदारांची उलटतपासणी त्याला करता आली पाहिजे, आणि त्याला खुलासा करू दिल्याशिवाय कोणतीही सामग्री त्याच्याविरुद्ध वापरता कामा नये. पुढे 1962 साली आपल्याच राज्याचे, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूरचे, एक प्रकरण आले. म्हैसूर राज्य विरुद्ध शिवबसप्पा मकापूर हा खटला एका पोलीस अधिकाऱ्याच्या खातेनिहाय चौकशीचा होता. साक्षीदारांचे आधी घेऊन ठेवलेले जबाब चौकशीत वापरावेत की नाही, असा प्रश्न होता. न्यायालयाने चौकशी अधिकाऱ्याला विलक्षण मोकळीक दिली: त्याने वाटेल त्या मार्गाने, वाटेल त्या ठिकाणाहून माहिती मिळवावी, न्यायालयाच्या कार्यपद्धतीचे बंधन त्याला नाही. मात्र ज्याच्याविरुद्ध ती माहिती वापरायची त्याच्यापुढे ती ठेवल्याशिवाय, आणि तिचा खुलासा करण्याची रास्त संधी त्याला दिल्याशिवाय, तिच्यावर विसंबून निर्णय द्यायचा नाही. जुने जबाब साक्षीदाराला वाचून दाखवले, त्याने ते मान्य केले, त्यांची नक्कल समोरच्याला दिली आणि उलटतपासणी करू दिली, तर तेवढे पुरते.

माझ्या मते सगळा पुरावा कायदा बाजूला ठेवला तरी एवढा एक नियम पाळला गेला तर सुनावणी न्याय्य होते, आणि हा एक नियम मोडला तर बाकीचे शंभर पाळूनही ती न्याय्य होत नाही. अधिकाऱ्याला काय पाहायचे ते पाहू द्यावे, कुणाला विचारायचे ते विचारू द्यावे. पण जे पाहिले ते त्याने मलाही दाखवले पाहिजे.

ऐकीव पुराव्याचे उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. 1977 साली सर्वोच्च न्यायालयापुढे हरियाणाच्या एका बस कंडक्टरचे प्रकरण आले. तपासणी पथकाने बस थांबवली, काही प्रवाशांकडे तिकिटे नव्हती, आणि पैसे देऊनही तिकीट मिळाले नाही असे त्यांनी सांगितल्याचे पथकाचे म्हणणे होते. चौकशीत एकही प्रवासी साक्षीला आला नाही. पथकातल्या निरीक्षकाने जे ऐकले ते सांगितले, आणि त्यावर कंडक्टरची नोकरी गेली. खालच्या न्यायालयांनी त्याला परत घ्या म्हटले होते. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते रद्द केले. त्यांचे म्हणणे असे की शहाण्या माणसाच्या बुद्धीला पटेल असा, प्रकरणाशी धागा जुळणारा आणि विश्वासार्ह असा ऐकीव पुरावाही खातेनिहाय चौकशीत चालतो. त्याचे वावडे धरण्याचे कारण नाही. बसमधल्या प्रवाशांना शोधून काढून चौकशीला आणणे जवळजवळ अशक्य असते, हे संकेश्वर किंवा निपाणीच्या स्टँडवर घटकाभर उभ्या राहिलेल्या कुणालाही पटेल. तरीही या निकालाचा आधार घेताना अधिकारी त्याचा अर्धाच भाग लक्षात ठेवतात, अशी माझी तक्रार आहे. निरीक्षक स्वतः चौकशीत हजर होता, कंडक्टरला त्याला प्रश्न विचारता येत होते. ऐकीव गोष्ट सांगणारा माणूस तरी समोर होता. आपल्याकडे पुष्कळदा तोही नसतो. फाईलमध्ये "स्थानिक चौकशीत असे समजले" एवढे एक वाक्य असते, आणि कुणाकडून समजले हे विचारायला जागाच राहत नाही.

नुसता संशय, नुसता अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, हेही वेळोवेळी सांगितले गेले आहे. 1954 साली ढाकेश्वरी कॉटन मिल्सच्या प्राप्तिकराच्या प्रकरणात, अधिकाऱ्याला तांत्रिक नियमांचे बंधन नसले तरी त्याला हवेत आकडा मांडता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. खात्याने न्यायाधिकरणाला दाखवलेली आकडेवारी कंपनीला दाखवलीच नव्हती, हे तिथले मुख्य दुखणे होते. 1964 सालच्या एच. सी. गोयल प्रकरणात, संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे ठरले. 2009 सालच्या रूपसिंग नेगी या बँक कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, फाईलला कागद नुसते जोडल्याने ते शाबीत होत नाहीत, त्यांतल्या मजकुराबद्दल कुणीतरी बोलले पाहिजे, असे सांगितले गेले. ही नावे मी मुद्दाम देत आहे. सुनावणीत ती सांगितली की अधिकारी लिहिता हात थांबवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता जरा जवळ जाऊन पाहू. महसुली सुनावणीत सर्वांत जास्त वजन असलेला कागद म्हणजे स्थळपाहणीचा पंचनामा, ज्याला इथे आपण सगळेच महजर म्हणतो. वहिवाटीचा वाद आला की सर्कल किंवा तलाठी जागेवर जातात, पाचजणांना उभे करतात, आणि सर्वे नंबर, हिस्सा, चतुःसीमा, उभे पीक, कोण कसतो, अशा क्रमाने मजकूर लिहून खाली सह्या आणि अंगठे घेतात. चांगला महजर हा फार मोलाचा पुरावा आहे. वकिलांच्या दहा पानी लेखी म्हणण्यापेक्षा तो अधिक सांगतो. एका प्रकरणात मात्र माझ्या हाती आलेल्या महजरवर तारीख एप्रिल महिन्यातली होती आणि मजकुरात "जाबदाराचे भातपीक उभे आहे" असे लिहिले होते. जमीन खानापूरच्या पश्चिमेकडची, पावसावर अवलंबून. आसपास विहीर नाही की बोअर नाही. त्या दिवसांत तिथे वाळलेल्या धसकटांखेरीज काही नसते. पाच सह्यांपैकी एका वयस्क बाईला मी साक्षीला बोलावण्याची परवानगी मागितली आणि सुदैवाने ती मिळाली. "मावशी, तुम्ही त्या दिवशी शेतात गेला होता का?" असे विचारल्यावर तिने सरळ सांगितले, "सही माझीच हाय की ओ. खरं वर काय लिवलंय ते कोण वाचून दावलं न्हाई. चावडीत बसून केली." महजर कन्नडमध्ये होता; तिला मराठी वाचता येत होते, कन्नड नाही.

या एका उत्तरात दोन वेगवेगळे दोष होते, आणि ते वेगळे ओळखले पाहिजेत. जागेवर न जाता महजर लिहिणे हा खोटेपणा झाला, आणि खोटेपणा उघडा पाडण्याचे साधन उलटतपासणी हेच आहे. उलटतपासणी हा प्रत्येक सुनावणीत हक्कच आहे, असे कायदा म्हणत नाही. 1984 सालच्या के. एल. त्रिपाठी प्रकरणात, मूळ वस्तुस्थितीबद्दल वादच नसेल तर उलटतपासणी नाकारली म्हणून निर्णय रद्द होत नाही, असे ठरले आहे. तशीच, साक्षीदाराच्या जिवाला किंवा अब्रूला खरा धोका असेल तर त्याचा जबाब समोरच्याच्या माघारी घेता येतो, हे रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलींच्या तक्रारीच्या 1973 सालच्या निकालात मान्य झाले आहे, आणि त्या मुलींच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण शेतात पीक होते की नव्हते, हा निव्वळ वस्तुस्थितीचा वाद आहे. तिथे सही करणाऱ्याला दोन प्रश्न विचारू न देणे म्हणजे कागदाला माणसापेक्षा मोठे मानणे होय.

दुसरा दोष अधिक खोल आहे, आणि सीमाभागात तो रोजचा आहे. ज्या कागदावर सही केली तो सही करणाऱ्याला वाचता येत नव्हता. ज्याच्याविरुद्ध तो वापरायचा त्यालाही तो वाचता येत नव्हता. नक्कल दिली, पोच घेतली, फाईलमध्ये सगळे नीटनेटके दिसते. पण 1962 च्या निकालाने सांगितलेली "समोर ठेवण्याची" अट पुरी झाली का? माझे उत्तर स्पष्ट आहे: नाही झाली.

या विषयावर बोलताना आपल्याकडे आवाज लगेच चढतात, म्हणून मी काय म्हणत आहे ते सावकाश सांगतो. कन्नड ही राज्यभाषा आहे, कचेरीचा कारभार तिच्यात चालणार हे उघड आहे, आणि इथे राहणाऱ्या मराठी माणसाने ती शिकावी याबद्दल माझा वाद नाही. मी स्वतः कन्नडमध्ये युक्तिवाद करतो. घटनेचे 350 वे कलम सांगते की संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे सरकारी अधिकाऱ्यापुढे मांडता येईल. म्हणून मराठीतला अर्ज कुणी परत करू शकत नाही. परंतु हे कलम अर्ज देण्याविषयी बोलते, उत्तर कोणत्या भाषेत मिळावे याविषयी ते गप्प आहे. आपली माणसे या कलमाचे नाव घेऊन मराठीत नोटीस मागतात आणि तिथे अडकतात. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचा खरा आधार या कलमात नसून पुराव्याच्या नियमात आहे, आणि तो अधिक भक्कम आहे.

फौजदारी कायद्यात स्पष्ट तरतूद आहे की आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती भर न्यायालयात त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितली पाहिजे. प्रतिबंधक स्थानबद्धतेत, म्हणजे खटला न चालवता माणसाला अटकेत ठेवण्यात, तर न्यायालय याहून पुढे गेले आहे. हरिकिशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, स्थानबद्ध केलेल्या माणसाला इंग्रजी येत नव्हते, त्याने हिंदीत कारणे मागितली होती. पोलीस अधिकाऱ्याने तोंडी भाषांतर करून सांगितले म्हणून कारणे कळवली असे होत नाही, असे म्हणून न्यायालयाने स्थानबद्धतेचा आदेश रद्द केला. हा निकालही 1962 चाच आहे. स्थानबद्धता ही वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे; वारसा नोंदीच्या सुनावणीला तोच मापदंड जसाच्या तसा लावा, असे मी म्हणणार नाही. मात्र त्यामागचा विचार तोच आहे. माणसाला खुलासा करायचा असेल तर कशाचा खुलासा करायचा हे त्याला आधी कळले पाहिजे. प्रत्येक कागदाचे छापील मराठी भाषांतर देणे कचेरीला जमणार नसेल तर निदान तारखेला तो कागद त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा, आणि वाचून दाखवला अशी नोंद रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या तारीखवार नोंदीत, करून तिच्याखाली त्याची सही घ्यावी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इथल्या कचेऱ्यांत दोन्ही भाषा उत्तम येणारे कारकून टेबलाटेबलाला बसलेले आहेत. हे काम दहा मिनिटांचे आहे.

उलट बाजूनेही हाच प्रश्न आहे, आणि त्याकडे आपले वकील लोकसुद्धा पुरेसे लक्ष देत नाहीत. हा भाग 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे मराठी गावांतल्या घरांमध्ये जुने कागद निघतात ते मराठीत आणि त्याआधीचे मोडीत. पक्षकार मोठ्या विश्वासाने ते पत्र्याच्या पेटीतून काढून आणतो. बदलीवर आलेल्या, बागलकोट किंवा रायचूरकडच्या अधिकाऱ्याला त्यातले अक्षर लागत नाही. तो कागद हाताने बाजूला सरकवतो आणि उताऱ्यावरच्या नोंदीकडे वळतो. कर्नाटक भू-महसूल कायद्याच्या 133 व्या कलमाप्रमाणे हक्क-नोंदवहीतली नोंद, उलट शाबीत होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीर नवी नोंद होईपर्यंत, खरी मानायची असते. म्हणजे उतारा ज्याच्या बाजूने त्याला काही सिद्ध करावे लागत नाही, आणि दुसऱ्याकडे उलट शाबीत करण्यासाठी जो एकमेव कागद आहे तो वाचलाच गेलेला नसतो. अशा वेळी मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावे, त्याचे कन्नड भाषांतर जोडावे, आणि लिप्यंतर करणाऱ्याचे प्रतिज्ञापत्रही लावावे. तीस वर्षांहून जुना आणि योग्य ताब्यातून आलेला कागद खरा मानता येतो, हे तत्त्व पुरावा कायद्यातले असले तरी त्यातला तर्क कचेरीतही चालतो: तुमच्या आजोबांच्या पेटीत आजोबांचा कागद सापडणे यात संशय घेण्यासारखे काही नाही. सन 2000 च्या सुमारास राज्य सरकारच्या "भूमी" योजनेत हाताने लिहिलेल्या पहाण्या, म्हणजे इथले जमिनीचे उतारे, संगणकावर घेतल्या गेल्या, तेव्हा नावांच्या आणि हिश्शांच्या ज्या चुका शिरल्या, त्या दुरुस्त करायलाही हाताने लिहिलेल्या जुन्या पहाणीची नक्कलच लागते. ती रेकॉर्ड रूममधून वेळीच काढून ठेवावी.

कुळांच्या जमिनींचा इतिहास या संदर्भात विसरता येत नाही. कर्नाटक भूसुधारणा कायद्याच्या 1974 च्या दुरुस्तीने 1 मार्च 1974 रोजी कुळांच्या ताब्यातल्या जमिनी सरकारजमा झाल्या, आणि कुळाने सात नंबरचा फॉर्म भरून आपला हक्क मागायचा, असे ठरले. त्यासाठी भूसुधारणा न्यायाधिकरणे नेमली. तिथे वकिलांना मज्जाव होता. हेतू चांगला होता: जमीनमालक मोठा वकील उभा करील आणि कूळ त्याच्यापुढे गांगरून जाईल, म्हणून दोघांनीही स्वतः बोलावे. प्रत्यक्षात मात्र जो पाच पिढ्या वाड्यासमोर मान खाली घालून उभा राहिला, त्याने त्याच वाड्याच्या मालकाची उलटतपासणी करावी, अशी अपेक्षा झाली. 1987 साली श्रीनिवास राघवाचार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी अवैध ठरवली. तोवर मोठ्या संख्येने निकाल लागून गेले होते, आणि साक्षी नीट लिहून घेतल्या नाहीत म्हणून उच्च न्यायालयातून फेरचौकशीसाठी परत आलेली प्रकरणेही पुष्कळ होती. सैल नियमांचा फायदा दुबळ्याला मिळायचा असेल तर त्याच्या बाजूने बोलणारा कुणीतरी लागतो, असे माझे मत याच प्रकरणांच्या फायली वाचून झाले आहे.

सैलपणा जाणीवपूर्वक आणि नीट विचार करून कुठे आणला असेल, तर तो वनहक्क कायद्याच्या नियमांत. 2006 च्या या कायद्याखाली 2008 साली झालेल्या नियमांपैकी तेरावा नियम मी तरुण वकिलांना आवर्जून वाचायला सांगतो. त्यात सरकारी कागद आहेतच, पण त्यांच्या बरोबरीने गावातल्या वयस्क माणसांचे लेखी घेतलेले निवेदन, घर, झोपडी, बांध, जमीन सपाट केल्याच्या खुणा, जुनी दफनभूमी, देवाची ठिकाणे, आणि वंशावळ हेही पुरावे मानले आहेत. एकाहून अधिक प्रकारचे पुरावे विचारात घ्यावेत, असे नियमच सांगतो. 2012 च्या दुरुस्तीने, अमुकच कागद आणा असा आग्रह धरता येणार नाही आणि उपग्रहाचे चित्र हे इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा ते घेणार नाही, हेही स्पष्ट केले.

भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या गवळी-धनगर वस्त्यांचे दावे या नियमावर उभे आहेत. ते अनुसूचित जमातीत मोडत नसल्याने त्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, तिथला रहिवास आणि जंगलावरची उपजीविका दाखवावी लागते. हिशेब केला तर तो 1930 पर्यंत मागे जातो. 1930 साली समजत्या वयात असलेला माणूस आज साक्षीला मिळणार नाही. म्हणून वयस्काचे निवेदन हे बहुतेक त्याने आपल्या आजोबांकडून ऐकलेलेच असते. ज्या ऐकीव पुराव्याला न्यायालयाने उंबरठ्यावर अडवले असते, तोच इथे कायद्याने आसन देऊन बसवला आहे. अशा एका दाव्याच्या वेळी मी हजर होतो. म्हातारबाबा सांगत होते की पहिला वाडा ओढ्याच्या पलीकडे होता, तिथे जनावरांना रोग आला म्हणून अलीकडे सरकवला, जुन्या वाड्याचा दगडी जोता अजून दिसतो, त्याच्या उगवतीला आजोबांनी लावलेला आंबा आहे, आणि त्यापुढे पूर्वजांच्या नावाने पुरलेल्या दगडांची ओळ आहे. लिहून घेणाऱ्याने कागदावर लिहिले: "पूर्वापार राहत असल्याचे सांगतात." मी त्याला थांबवले आणि ओढा, जोता, आंबा, दगडांची ओळ, सगळे एकेक करून लिहायला लावले. "पूर्वापार" हे कुणीही सांगेल आणि ते कुणाला तपासता येणार नाही. जोता आणि दगडांची ओळ दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीचा माणूस जागेवर जाऊन पाहू शकतो, आणि ती सापडली म्हणजे म्हातारबाबांचे बाकीचे ऐकीव बोलणेही विश्वासाला पात्र ठरते. प्रकरणाशी धागा जुळणारा विश्वासार्ह पुरावा कसा असतो, हे मला कंडक्टरच्या निकालापेक्षा त्या दिवशी अधिक चांगले समजले.

लिहून घेणे हा पुराव्याच्या कायद्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. आपल्या महसूल कायद्यात औपचारिक चौकशी आणि संक्षिप्त चौकशी असे दोन प्रकार आहेत. पहिल्यात साक्ष पूर्ण लिहून घ्यायची असते. दुसऱ्यात अधिकाऱ्याने दोन्ही बाजूंचे मुख्य म्हणणे, पुराव्यातला महत्त्वाचा भाग, निर्णय आणि त्याची कारणे नोंदवायची असतात. संक्षिप्त म्हटले तरी कारणे सुटत नाहीत. असे असूनही "उभय पक्षांचे म्हणणे ऐकले, कागदपत्रे पाहिली, हरकत नामंजूर" एवढ्या तीन वाक्यांत निकाल लागलेले मी पाहतो. 136 व्या कलमाखाली प्रांतांकडे अपील केले की प्रांतांपुढे फाईलच असते, पक्षकार जे बोलला ते नसते. जे रोजनाम्यात उतरले नाही ते अपिलात नव्हतेच असे होते. आणि अधिकाऱ्याने आदेशात जी कारणे लिहिली त्यांवरच तो आदेश उभा राहिला पाहिजे, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडता येत नाहीत, हे 1978 सालच्या मोहिंदरसिंग गिल प्रकरणापासून ठरलेले आहे. म्हणून मी पक्षकाराला सांगतो की कागदांची यादी दोन प्रतींत करावी आणि एकीवर कचेरीचा शिक्का घ्यावा. महजर किंवा जबाब न वाचता त्यावर सही करू नये, आणि वाचता येत नसेल तर "वाचून दाखवल्यावरून सही केली" किंवा "वाचून न दाखवता सही घेतली" यांतले जे खरे असेल ते सहीच्या वर आपल्या हाताने, आपल्या भाषेत लिहावे. कुणी तसे लिहू देत नसेल तर त्याच दिवशी टपालाने अर्ज पाठवून ते कळवावे. मराठीत पाठवला तरी तो घ्यावाच लागतो. 350 व्या कलमाचा खरा उपयोग इथे आहे.

ज्या भागातल्या लोकांची भाषा कचेरीच्या भाषेहून वेगळी आहे तिथे पक्षकाराला पुरावा त्याच्या भाषेत वाचून दाखवला अशी नोंद सक्तीची करावी, ही मागणी मी वकिलांच्या बैठकीत मांडली तेव्हा काही कन्नड सहकाऱ्यांनी तिला सीमाप्रश्नाचा वास आहे म्हणून नाके मुरडली. मी त्यांना जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड गावांची आठवण दिली. तिथल्या कन्नड शेतकऱ्याला महाराष्ट्राच्या कचेरीतून नोटीस मराठीत येते, पंचनामा मराठीत होतो, आणि त्याखाली तो अंगठा देतो. त्याच्याविरुद्ध तो पंचनामा वापरायचा असेल तर आधी त्याला तो कन्नडमध्ये वाचून दाखवला पाहिजे, आणि कुणी दाखवला नसेल तर तो पंचनामा बाजूला ठेवा असे त्याच्या वतीने सांगायला मी सोलापूरपर्यंत जाईन. त्या दिवशी बैठकीत मागणीच्या मसुद्यावर माझ्यानंतर पहिली सही जतकडे नातेसंबंध असलेल्या एका कन्नड वकिलाने केली.